आईची पिवळी फाईल

परवा वीकएंडला रत्नागिरीला घरी गेलो होतो. आईची अँजिओग्राफी ठरली आहे, म्हणून कपाटातले जुने कागद काढत बसलो. त्यात १९८४ सालची पिवळी पडलेली फाईल सापडली. म्हणजे माझ्या जन्माची! बीपी १७०/११०, आणि खाली ‘युरिन अल्ब्युमिन +++’.

"अगं, हे कधी बोलली नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? पाय सुजले होते. तू झालास नि उतरले."

झालं! रविवार त्या तीन अधिकच्या चिन्हांमागे गेला.

१८४३ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलात जॉन लिव्हर या डॉक्टरने झटके येणाऱ्या गरोदर बायकांची लघवी तापवून पाहिली. त्यात अल्ब्युमिन साकळलं, अंड्यातला पांढरा भाग उकडल्यावर होतो तसं. म्हणजे रक्तातलं प्रथिन किडनीतून गळत होतं. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोच्चीने दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा काढला. दुखणं मोजता आलं, पण कारण कळेना.

ते धागेदोरे हाती यायला २००३ उजाडलं. बोस्टनला डॉ. अनंत करुमांची यांच्या गटाने दाखवलं की या आजारात वार एक प्रथिन रक्तात जास्त सोडते, एसएफएलटी-१ नावाचं. रक्तवाहिन्या धड ठेवणाऱ्या प्रथिनांना ते पकडून ठेवतं. गाभण उंदरांमध्ये ते वाढवलं, तर त्यांचंही बीपी चढलं आणि लघवीत प्रथिन आलं. आपल्याकडे पुण्यात, भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत, डॉ. साधना जोशी यांच्या गटाने गरोदर बायकांच्या रक्तात अशीच प्रथिनं मोजली आहेत.

वार पडली की एसएफएलटी-१ काही दिवसांत झपाट्याने उतरतं. काही अभ्यासांत ते पुढेही किंचित जास्त आढळलं, काहींत नाही. पण रक्त निवळलं म्हणजे बाई सुटली, असं नाही! २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अशा बायकांना पुढे कायमच्या बीपीचा धोका साडेतीन पटींहून जास्त आणि हृदयविकाराचा दुप्पट निघाला. २०११ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयविकाराचा धोका ठरवताना हा इतिहास धरायला सांगितलं.

एरर लॉग कोरा दिसला म्हणून आम्ही सॉफ्टवेअरवाले बग गेला असं मानत नाही. आईच्या बाबतीत मात्र घरात सगळ्यांनी तेच मानलं, चाळीस वर्षं. मीसुद्धा.

असो. फाईल बॅगेत टाकली आहे, हार्टच्या डॉक्टरांना दाखवणार. तुम्हीही आज आईला फोन कराल तेव्हा एवढं विचाराच, "माझ्या वेळी तुझं बीपी वाढलं होतं का गं?"