४४३ नाबाद, आणि समोरचा संघच निघून गेला

मंडळी, रणजीचा हंगाम आला की आपल्याकडे मुंबईच्या फलंदाजांची नावं निघतात. रणजीतली आजवरची सगळ्यात मोठी खेळी मात्र मुंबईकराची नाही. ती कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांची आहे, महाराष्ट्राकडून खेळलेली. हिंगोलीचं पोरगं आज रणजीपर्यंत पोचलं तर याच महाराष्ट्र संघाकडून खेळणार, म्हणून हे लिहितोय.

डिसेंबर १९४८. आपल्याकडे निजामाची सत्ता जाऊन तीनच महिने झालेले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि हैदराबाद राज्यात. म्हणजे त्या 'महाराष्ट्र' संघात आपण धरलेलोच नव्हतो.

पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडचा डाव २३८ वर आटोपला. मग महाराष्ट्राने ४ बाद ८२६ केले. कमल भांडारकर २०५. निंबाळकर आणि त्यांची दुसऱ्या विकेटची भागी ४५५ ची. निंबाळकर ४९४ मिनिटं खेळले, ४९ चौकार, १ षटकार. ४४३ नाबाद असताना खेळ विश्रांतीसाठी थांबला. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला हव्या होत्या फक्त १० धावा.

काठियावाडचे कप्तान होते राजकोटचे ठाकूरसाहेब. असल्या विक्रमात आपल्या संघाचं नाव कायमचं लागणार, हे त्यांना मानवलं नाही. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो, असा त्यांचा हेका. महाराष्ट्राने थोडा वेळ मागितला, पण त्यांनी सामना सोडून दिला आणि संघ घेऊन गेले. गंमत बघा, काठियावाडची संस्थानं त्याच वर्षी फेब्रुवारीत विलीन झाली होती. गादी गेली, ताठा तेवढा राहिला!

त्या हंगामात धावांचा नुसता पूर होता. मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा, नऊ शतकं. माधव मंत्रींचे २००. उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांची दोन्ही डावांत शतकं, आणि महाराष्ट्राकडून रेगेंचीसुद्धा. दुसऱ्या डावात ६०० काढूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. कुणी म्हणेल, मग अशा खेळपट्ट्यांवर ४४३ चं कौतुक काय? पण खेळपट्टी तर सगळ्यांनाच तीच होती. ४०० च्या पुढे एकटे निंबाळकर गेले.

आणि खरी बोच पुढेच आहे. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता. आपले गोलंदाज एव्हर्टन वीक्सपुढे हतबल होते, त्याने इथे कसोटीत चार शतकं ठोकली. अशा वेळी ४४३ काढणाऱ्या माणसाला कसोटीला बोलावणं आलं नाही. पुढेही कधीच आलं नाही. प्रथम श्रेणीत ४८४१ धावा, सरासरी ४७ च्या वर, तरी एकही कसोटी नाही. ठाकूरसाहेबांनी विक्रम हुकवला, हे सगळे सांगतात. निवड समितीचं नाव कुणी घेत नाही.

प्रथम श्रेणीतल्या मोठ्या खेळ्यांची यादी आज बघा: लारा ५०१, हनीफ मोहम्मद ४९९, ब्रॅडमन ४५२, निंबाळकर ४४३. या चौघांत कसोटी न खेळलेले ते एकटेच. ११ डिसेंबर २०१२ ला कोल्हापुरात गेले, ९३ वा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता.