व्रणाचा काळ आणि पेशींचा काळ : संवर्धित त्वचेच्या इतिहासाचा एक विचार

प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींच्या साहाय्याने त्वचेचे व्रण भरून काढण्याच्या विद्येचा इतिहास बहुधा शोधांच्या मालिकेच्या रूपाने सांगितला जातो. ही मांडणी खोटी नव्हे. परंतु तीत दोन प्रश्न अनुत्तरित राहतात. रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जातंतू शरीराबाहेर वाढवून दाखविले ते १९०७ साली; मग संवर्धित बाह्यत्वचा भाजलेल्या माणसाच्या अंगावर चढविली जाण्यास १९८१ साल का उजाडावे? आणि ती युक्ती साधल्यावरही तो सर्व भाजलेल्यांचा नित्याचा उपचार का होऊ नये? प्रस्तुत टिपणात असे सुचवावयाचे आहे की, हा इतिहास मुख्यत्वे दोन काळांच्या विसंगतीचा इतिहास होय. व्रणाला थांबता येत नाही, आणि पेशींना घाई करता येत नाही.

प्रथम जुन्या शस्त्रक्रियेकडे पाहू. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा एक मराठी बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला होता व त्याचे नाक कापण्यात आले होते. पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतील एका शस्त्रकुशल माणसाने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले, असा तो वृत्तांत होता. या क्रियेत त्वचेचा देठ कपाळाशी जोडलेला राहतो व त्यातून रक्तपुरवठा चालू असतो. पुढे १८६९ साली पॅरिसमध्ये झाक रेव्हर्दां यांनी बाह्यत्वचेचे बारीक कण पूर्णपणे सुटे करून व्रणावर रुजविले, आणि १८७४ साली कार्ल टिअर्श यांनी मोठ्या पातळ पापुद्र्यांची पद्धत मांडली. या साऱ्या पद्धतींत त्वचा रुग्णाचीच असे. ज्याच्या अंगावर निरोगी त्वचाच उरलेली नाही, त्याच्यासाठी त्यांपैकी एकही उपयोगी नव्हती.

दुसऱ्याची त्वचा उसनी घेण्याचा मार्ग स्वाभाविकच सुचला. पण तो का फसतो, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्पष्ट झाले. ग्लासगो येथे टॉमस गिब्सन व पीटर मेडावार यांनी एका भाजलेल्या स्त्रीच्या व्रणांवर तिच्या स्वतःच्या व तिच्या भावाच्या त्वचेची कलमे लावली. भावाची कलमे नष्ट झाली, आणि त्याचीच कलमे दुसऱ्यांदा लावली तेव्हा ती अधिकच त्वरेने नष्ट झाली. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ असा की, शरीर परके ऊतक ओळखते व ती ओळख लक्षात ठेवते. उसनी त्वचा काही दिवसांची सवड देते, कायमचे आच्छादन देत नाही. तेव्हा उरला एकच मार्ग : रुग्णाची स्वतःची थोडीशी त्वचा घेऊन ती वाढविणे.

येथे ऊतकसंवर्धनाची एक जुनी अडचण आडवी आली. त्वचेचा तुकडा संवर्धनपात्रात ठेवला की अंतस्त्वचेतील फायब्रोब्लास्ट पेशी भराभर वाढून पात्र व्यापीत, आणि बाह्यत्वचेच्या केरॅटिनोसाइट पेशी थोड्या काळात पक्व होऊन विभाजन थांबवीत. आपण विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी यात आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवाल्ड उंदराच्या एका अर्बुदातील पेशींचा अभ्यास करीत असता त्यांना केरॅटिन निर्माण करणारे पेशीसमूह आढळले. हे समूह विशिष्ट सहायक पेशींच्या थरावर उत्तम वाढतात, असे त्यांच्या ध्यानात आले. ‘३टी३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उंदराच्या पेशी किरणोत्सर्गाने अशा केलेल्या असत की, त्या जिवंत राहत पण विभागत नसत. माणसाच्या केरॅटिनोसाइट पेशी याच थरावर वारंवार वाढविता येतात, हे दोघांनी १९७५ साली दाखविले. त्वचारोपणाचा हेतू मनात धरून हे संशोधन सुरू झालेले नव्हते, ही गोष्ट अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

१९७९ साली ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संवर्धित बाह्यत्वचेचा थर अखंड सोडवून घेण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८१ साली बोस्टनमध्ये दोन प्रौढ रुग्णांवर अशी कलमे लावल्याचा वृत्तांत आला. खरी कसोटी १९८३ साली लागली. पाच व सहा वर्षांचे दोन भाऊ शरीराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेल्या स्थितीत बोस्टनला आणले गेले. त्यांच्या उरल्यासुरल्या त्वचेच्या लहान तुकड्यांपासून वाढविलेल्या थरांनी त्यांच्या शरीराचा सुमारे अर्धा पृष्ठभाग झाकला गेला, आणि दोघेही वाचले. १९८४ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाल्यावर संवर्धित त्वचा ही कल्पना राहिली नाही.

तथापि या विजयातच त्याची मर्यादा दिसून आली. टपालाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यापासून पुरेसे थर तयार होण्यास तीन ते चार आठवडे लागतात. तितके दिवस उघडा व्रण जंतूंना आमंत्रण देतो, द्रव गमावतो व रुग्णास क्षीण करतो. शिवाय तयार होते ती केवळ बाह्यत्वचा. काही पेशींच्या जाडीचा हा थर सुरुवातीस सहज फोडांनी सुटून येतो. त्यास घर्मग्रंथी नसतात, केस नसतात. ‘प्रयोगशाळेत त्वचा वाढविली’ असे आपण सैलपणे म्हणतो, तेव्हा हा भेद विसरला जातो.

यानंतरच्या प्रयत्नांकडे काळाचे हे गणित सोडविण्याचे विविध मार्ग म्हणून पाहिले, तर त्यांतील संगती दिसते. जॉन बर्क व आयोनिस यानस यांनी १९८१ साली कोलॅजेन व शार्कच्या कूर्चेतील द्रव्य यांचा सच्छिद्र साचा, वर सिलिकोनचे आवरण घालून, व्रणावर बसविला. त्यात रुग्णाच्याच पेशी शिरून नवी अंतस्त्वचा घडवितात, आणि तोवर व्रण झाकलेला राहतो. येल येथील चार्ल्स क्युओनो यांनी १९८६ साली मृत दात्याच्या त्वचेने व्रण झाकून ठेवला, आणि संवर्धित थर तयार होताच तिची बाह्यत्वचा काढून उरलेल्या अंतस्त्वचेवर तो बसविला. दोन्ही मार्गांनी पेशींची गती वाढली नाही; व्रणास थांबविण्याची सोय मात्र झाली.

युजीन बेल यांनी तिसरा मार्ग धरला. नवजात बालकांच्या सुंताच्या वेळी काढलेल्या त्वचेतील पेशी कोलॅजेनच्या जाळीत वाढवून त्यांनी दोन्ही स्तर असलेले ऊतक बनविले. त्याचे व्यापारी रूप ‘ॲप्लिग्राफ’ यास अमेरिकेत १९९८ साली शिरांच्या विकाराने होणाऱ्या पायाच्या व्रणांसाठी, व २००० साली मधुमेही व्रणांसाठी मान्यता मिळाली. मधुमेही पायाच्या २०८ रुग्णांवरील, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांत व्रण पूर्ण भरल्याचे प्रमाण ५६ टक्के होते. तुलनेसाठी नेहमीचा उपचार दिलेल्या गटात ते ३८ टक्के होते. परंतु या पेशी परक्या असतात, आणि दोन महिन्यांनंतर व्रणात त्यांचा मागमूस राहत नाही, असे तपासांत आढळले. मग व्रण भरतो कसा? त्या पेशी वाढीस चालना देणारी द्रव्ये स्रवून रुग्णाच्या निद्रिस्त पेशींना जागे करतात, असे आता मानले जाते. मेडावार यांच्या काळी जे अपयश ठरले असते, तेच येथे उपचाराचे अंग बनले.

टिकाऊपणाचा प्रश्न ग्रीन यांच्याच परंपरेत पुढे गेला. यान बारांदों व ग्रीन यांनी १९८७ साली दाखविले की, संवर्धनातील काही थोड्या पेशींपासूनच दीर्घकाळ वाढणारे समूह निर्माण होतात. २०१५ साली जर्मनीतील बोखुम येथे, आनुवंशिक दोषामुळे त्वचा गळून पडत असलेल्या सात वर्षांच्या एका मुलाच्या अंगावर, इटलीतील मिकेले दे लुका व ग्राझिएला पेल्लेग्रिनी यांच्या गटाने दोष दुरुस्त करून वाढविलेली बाह्यत्वचा बसविण्यात आली. तिने त्याच्या शरीराचा सुमारे ८० टक्के भाग झाकला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ही सारी बाह्यत्वचा तशाच मोजक्या दीर्घायुषी पेशींवर तगून आहे.

तात्पर्य, या विद्येची प्रगती पेशींना अधिक वेगाने वाढवून झाली त्यापेक्षा व्रणास थांबविण्याचे, किंवा पेशींचे काम बदलून घेण्याचे, उपाय शोधून अधिक झाली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. आठवडे मोजीत बसणारी प्रयोगशाळा, दात्यांच्या त्वचेचा साठा, जंतुरहित शुश्रूषा आणि या सर्वांचा खर्च ही सामग्री जेथे एकत्र येते, तेथेच संवर्धित पेशी उपयोगी पडतात. भाजलेले रुग्ण मात्र बहुधा जेथे ही सामग्री नाही, तेथेच अधिक असतात. या विद्येचा इतिहास लिहिणाऱ्याने केवळ कोणी काय शोधले एवढेच नव्हे, तर कोणाच्या व्रणास थांबणे शक्य झाले व कोणाच्या नाही, हेही लिहिले पाहिजे.