रात्रपाळीचा चाकर

मांजराने रात्री झोपमोड करावी, हा विषय इतिहासाच्या कक्षेत येतो काय, असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनी केला. हे स्नेही सरकारी नोकरीनिमित्त रायपुरास असतात. त्यांच्या बंगल्यात एक मांजर आहे, आणि ते नित्यनेमाने पहाटे साडेतीनच्या सुमारास उशाशी येऊन ओरडू लागते. दिवसभर फायलींशी झुंजलेल्या मनुष्यास ही चाकरी महाग पडते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ते मांजर पोत्यात घालून खारून नदीपलीकडे सोडून द्यावे, असा विचार त्यांनी बोलून दाखविला, तेव्हा आम्हांस राहवले नाही. बडतर्फीचा हुकूम काढण्यापूर्वी नोकराचे सेवापुस्तक उघडून पाहावे, हा तर त्यांच्याच खात्याचा शिरस्ता. ते पुस्तक आम्ही येथे उघडीत आहोत.

मांजराची नेमणूक कोणी केली नाही, ही पहिली नोंद. गाय, घोडा, कुत्रा यांस मनुष्याने धरून आणले वा जवळ केले. मांजर आपण होऊन आले. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, साठ्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे तेथील रानमांजर. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनभूमीत मनुष्याशेजारी पुरलेले मांजर सापडले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मांजराची मूळ वस्ती नव्हती, म्हणजे ते नावेतून नेलेले असले पाहिजे. आपल्याकडचा पुरावा अधिक बोलका आहे. सिंधमधील चन्हुदडो येथे १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केले, त्यात एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून एक मांजर धावत गेले आणि त्यामागून कुत्रा. दोघांची पावले विटेत भाजून निघाली व चार हजारांहून अधिक वर्षे टिकली. सिंधुलिपी अद्याप वाचता आलेली नाही. हा मजकूर मात्र कोणासही वाचता येतो!

पुढे वाङ्मयाने मांजराचे नाव पुष्कळ खराब केले. पंचतंत्रातील दधिकर्ण न्यायाधीश होऊन वादी व प्रतिवादी या दोघांसही खातो. हितोपदेशातील दीर्घकर्णाची गोष्ट तर शाळेतल्या मुलांसही ठाऊक असते. मनुस्मृतीने दांभिक ब्राह्मणास मांजराच्या व्रताचे विशेषण लावले. महाबलिपुरम् येथील सातव्या शतकातील भव्य शिल्पपटात एक मांजर पुढचे पाय वर करून तपश्चर्येस उभे आहे, आणि त्याच्याजवळ उंदीर निर्धास्तपणे बागडत आहेत. व्याकरणकारांनीसुद्धा शाश्वत वैराचे उदाहरण म्हणून मांजर आणि उंदीर यांचीच जोडी निवडली. आमच्या मराठीने शिंके तुटताच बोक्याचे फावल्याचे नोंदवून ठेवले आहे. शिंके कच्चे बांधणाऱ्याची नोंद कोठेच नाही. तरी लोकमनाने या प्राण्यास अभय दिले. मांजर मारले तर काशीस सोन्याचे मांजर अर्पण करावे लागते, ही समजूत घरोघरच्या आजीबाईंनी मुलांच्या मनात अशी पक्की बसविली की काठी उगारलेला हात आपोआप खाली येई.

कवी आणि नीतिकार यांची साक्ष येथवर. राज्यकर्त्याची साक्ष निराळी आहे, आणि आमच्या वाचकांस तीच अधिक जवळची वाटेल. कौटिल्याने अर्थशास्त्रात जनपदावरील आठ दैवी संकटे मोजली आहेत. अग्नी, पूर, रोगराई आणि दुष्काळ यांच्या पंगतीत त्याने उंदीर बसविले आहेत. त्यांवर त्याचा पहिला उपाय मांजरे व मुंगसे मोकळी सोडण्याचा. पण एवढ्यावर थांबेल तो कौटिल्य कसला! या कामावरील मांजरास कोणी पकडले किंवा इजा केली, तर बारा पणांचा दंड त्याने लावला, आणि जो आपला कुत्रा आवरणार नाही त्यासही सोडले नाही. जरूर तर प्रजेवर उंदरांचा कर बसवावा, अशीही त्याची सूचना आहे. राजवाड्यात सापांच्या बंदोबस्तासाठी मोर व मुंगूस यांच्या जोडीला पुन्हा मांजर आहेच. कर्तव्यावरील नोकराच्या अंगावर हात टाकणे हा गुन्हा, हे तत्त्व मांजराच्या बाबतीत इतक्या स्पष्टपणे लिहिलेले पाहून आम्हांस कौटिल्याविषयी नवाच आदर वाटला. विलायतेने यापुढे जाऊन मांजरास पगारही दिला. १८६८ साली लंडनच्या टपालखात्याने मनीऑर्डर कचेरीत तीन मांजरे सहा महिन्यांच्या उमेदवारीवर घेतली. भत्ता तिघांत मिळून आठवड्यास एक शिलिंग. उरलेले पोट उंदरांवर भरावे, असा त्यातला हिशेब होता.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. रायपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध नागपूरकर भोसल्यांपासूनचा. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राहिले; त्यांच्यामागे सुभे आले, परगण्यांवर कमाविसदार आले, फडनवीस आले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक अ‍ॅग्न्यू याच्या काळात कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले. पुढे मध्यप्रांत झाला, १९०३ साली वऱ्हाड त्याच्या कारभारास जोडले गेले, आणि १९५६ पर्यंत रायपूर, नागपूर व अमरावती ही एकाच सरकारची शहरे होती. या प्रांतात अँड्र्यू बुकॅनन नावाचे एक लष्करी वैद्यक सेवेतील डॉक्टर होते. १८९६ च्या आसपासच्या दुष्काळांत गरिबांनी लाखोळीच्या डाळीवर पोट भरले. छत्तीसगढात तिला तिवरा म्हणतात आणि धानाच्या ओल्या शेतात ती विनासायास येते. महिनोन्‌महिने तीच खाऊन माणसे पायांनी पांगळी झाली. या रोगावरील बुकॅनन यांचा अहवाल १९०४ साली नागपुरास छापला गेला. पांगळ्यांची गणती करणाऱ्या याच गृहस्थाने पुढे मांजरांची गणती केली.

प्रसंग प्लेगाचा होता. १८९६ साली मुंबईस उतरलेला हा रोग देशभर पसरला, आणि एकट्या १९०७ सालात त्याने हिंदुस्थानातील १२ लाखांहून अधिक माणसे नेली. पॉल-लुई सिमोंद याने १८९८ सालीच उंदरावरील पिसू हा दुवा दाखविला होता. तो मान्य व्हावयास परळच्या प्रयोगशाळेतील पुढील प्रयोग लागले. तोवर घरे उघडी पाडणे, छपरे उतरविणे, लोकांस शेतात झोपड्या घालून राहावयास लावणे, हे सर्व होऊन चुकले होते. बुकॅनन यांनी गावोगावची घरे व मांजरे मोजून पाहिली, आणि जेथे घरांच्या मानाने मांजरे पुष्कळ तेथे प्लेग शिरत नाही किंवा टिकत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यांचा लेख १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख जपानास गेले असता त्यांनीही मांजरे पाळण्याचा सल्ला दिला. आमच्या मते बुकॅनन यांचे म्हणणे अर्धेच खरे होते. मांजरास स्वतःस प्लेग होतो आणि त्याच्यापासून मनुष्यासही होऊ शकतो, हे आता निश्चित झाले आहे. शिवाय मोठ्या घुशीच्या वाटेस सहसा कोणतेही मांजर जात नाही. तथापि, सुया आणि दंडुके घेऊन फिरणाऱ्या त्या काळात गावकऱ्यांच्या चुलीपाशी बसलेल्या प्राण्याकडे उपाय म्हणून पाहणारा एक अधिकारी निघाला, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

छत्तीसगढच्या शेतकऱ्यास हे सांगण्यास डॉक्टरची गरज नव्हती. येथले धान मातीच्या कोठीत भरले जाते. पौषी पौर्णिमेस छेरछेरा मागणारी मुले दारी येतात, तेव्हा ती कोठी भरलेली असते, आणि मुसवा, म्हणजे उंदीर, तिच्या बुडाशी लागलेला असतो. अशा घरात बिलईला, म्हणजे मांजराला, कोणी आत घेत नाही की बाहेर काढीत नाही. कौलांखालून, माळ्यावरून, खिडकीच्या गजांतून तिचा मार्ग मोकळा असतो. कोकणातील वा वऱ्हाडातील आमच्या जुन्या घरांतही हेच होते. मांजर रात्रभर आपल्या कामावर असे. त्याने घरधन्यास उठवावे असे काही कारणच नव्हते.

घोटाळा झाला तो सरकारी निवासस्थानांत. दारांस डासांची जाळी, खिडक्यांस जाळी, छप्पर सिमेंटचे, तांदूळ पत्र्याच्या डब्यात. नोकर ठेवला, पण त्याची जागा रद्द झाली. मांजराच्या शरीरास मात्र हा हुकूम पोचलेला नाही. त्याची शिकारीची वेळ संधिप्रकाशाची, म्हणजे दिवेलागण व पहाट. दुपारभर ते झोपते ते त्याच तयारीसाठी. साडेतीनला ते जागे होते, बाहेर पडावयास वाट नसते, मारावयास उंदीर नसतो, आणि घरात हलणारी वस्तू म्हटली तर धन्याचे पांघरुणाबाहेर आलेले पाऊल! आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मोठी मांजरे आपसांत ‘म्यांव’ असे क्वचितच करतात. हा अर्ज त्यांनी बहुतांशी मनुष्यासाठी राखून ठेवला आहे. अर्जावर एकदा दूध मंजूर झाले की तो रोज येतो.

उपाय यातूनच निघतो. निजण्यापूर्वी पाव तास दोरी किंवा चिंधी ओढून मांजरास धावडवावे, आणि मग त्याचे मुख्य जेवण द्यावे. शिकार, आहार व झोप हा त्याचा जुना क्रम आहे. पहाटेच्या हाकेस मुळीच ओ देऊ नये. रागावणे ही देखील ओच असते. आरंभीचे काही दिवस ओरड वाढेल, आणि नेमके त्याच वेळी धीर सोडून उठणारा मनुष्य मांजरास एवढेच शिकवितो की अधिक वेळ ओरडावे लागते. घरातील सर्वांनी एकच धोरण ठेवले पाहिजे. धनी कडक आणि गृहिणी मऊ असल्यास मांजर कोणाच्या उशाशी जाईल हे सांगणे न लगे. माजावर आलेली मांजरी किंवा बोका यांची ओरड निराळी. त्यावर शस्त्रक्रिया हाच इलाज. आणि म्हातारे मांजर एकाएकी रात्री ओरडू लागले तर ती खोड समजू नये. गळ्यातील ग्रंथीचा विकार, रक्तदाब, बहिरेपण यांपैकी काही असू शकते. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रायपुराहून ते फार दूर नाही.

राहिला प्रश्न बदलीचा. बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते, कपाटे मोजून नेली जातात, आणि मांजर मोकळ्या बंगल्याच्या पायरीवर राहते. ‘मांजर घराचे, माणसाचे नव्हे’ असे म्हणून मंडळी मनाचे समाधान करून घेतात. मांजरास जागेची ओढ असते हे खरे. पण जाळीच्या घरात वाढलेल्या या मांजरास शिकार धड येत नसते, आणि पुढील बिऱ्हाडकरू कुत्रा घेऊनही येईल. त्यास झाकणाच्या टोपलीत घालून बरोबर न्यावे, नव्या घरी दोन-तीन आठवडे एकाच खोलीत ठेवावे, आणि जुने अंथरूण न धुता तेथे घालावे. त्या दिवसांत ते रात्री अधिक ओरडेल. नव्या गावी पहिले काही दिवस धन्यासही झोप लागत नसतेच.