कुलाब्याच्या भिंतीवरील नावे

आपल्या यवतमाळच्या स्वयंपाकघरांत फोडणीला पडणारा हिंग पूर्वापार अफगाणिस्तानच्या उजाड डोंगरउतारांवरून येत आला आहे. त्या देशाशी आपली ओळख बहुधा तेवढीच. महाराष्ट्रात त्याची आणखी एक खूण आहे, तीही दगडात कोरलेली.

हिंदुकुशाच्या रांगांनी हा देश खोऱ्याखोऱ्यांत विभागला आहे. पश्तून, ताजिक, हजारा, उझबेक या समाजांची निष्ठा काबूलच्या सत्तेपेक्षा आपल्या खोऱ्याशी, आपल्या आप्तांशी अधिक जडली. म्हणून तेथे राजधानी घेणे सोपे, देश राखणे कठीण. इंग्रजांनी १८३९ मध्ये काबूल घेतले. जानेवारी १८४२ मध्ये तेथून माघारी निघालेल्या सुमारे १६,००० जणांपैकी बहुतेक बर्फाळ खिंडींत मारले गेले वा गोठून मेले. त्यांत सुमारे १२,००० तर बाजारबुणगे होते : नोकरचाकर, बायका, मुले.

मुंबईत कुलाब्याला १८५८ पासून उभे असलेले ‘अफगाण चर्च’ हे त्याच युद्धाचे स्मारक. तेथे अधिकाऱ्यांची नावे आहेत. शिपाई इतके की त्यांची नावे देता आली नाहीत, असे तेथील लेखच सांगतो. बाजारबुणग्यांचा व मेलेल्या अफगाणांचा त्यात उल्लेखही नाही.

पुढे १९७९ ते १९८९ सोव्हिएत, २००१ ते २०२१ अमेरिकी फौजा तेथे राहिल्या आणि परतल्या. उद्ध्वस्त गावे मात्र अफगाणांच्याच वाट्याला आली.

मुंबईस गेलात तर ते चर्च अवश्य पाहा. नावे वाचा; आणि भिंतीच्या कोऱ्या दगडापुढेही क्षणभर थांबा.