मोझेलची जुनी रिसलिंग वाईन : चव कशी तपासावी?

जर्मनीतील मोझेल नदीखोऱ्याचा द्राक्षपट्टा सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. थंड हवामानात रिसलिंग जातीची द्राक्षे सावकाश पिकतात आणि आम्लता टिकून राहते. त्यामुळे तिथली उत्तम वाईन १० ते २० वर्षे मुरवता येते.

चव तपासताना :

• रंग : पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा. हिरवट पिवळा रंग वयानुसार सोनेरी होतो.
• वास : मध व किंचित रॉकेलसारखा वास येतो. तो टीडीएन या घटकामुळे असतो. घडांवर जास्त ऊन पडल्यास हा वास वाढतो, म्हणून पानांची विरळणी बेताने करावी.
• चव : गोडीसोबत आंबटपणा जाणवला पाहिजे. तो नसेल तर वाईन मिळमिळीत लागते.
• तळाचे खडे : हे टार्टरेटचे असून निरुपद्रवी असतात.

वाईन द्राक्षांची काढणी ठरवताना केवळ ब्रिक्स पाहू नका. आम्लता व सामूही मोजा.