पटकीच्या पोटी जन्मलेली बाटली

"अंगात काईच ताकद नाई राह्यली, एखादी सलाईन लावून द्या ना जी." यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या दवाखान्यांत, पऱ्हाटीवर फवारणी चालू असते त्या दिवसांत, हे वाक्य सारखं कानावर येतं. डॉक्टरने नाही म्हटलं तर पेशंट पुढच्या गल्लीत जातो. तिथे बाटलीत मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळंधमक होतं, आणि साध्या सलाईनपेक्षा पिवळीचे पैसे जास्त पडतात.

त्या बाटलीत असतं काय? पाच टक्के डेक्स्ट्रोजची अर्ध्या लिटरची बाटली असेल तर साखर 25 ग्रॅम, म्हणजे शंभरेक कॅलरी. एक केळ खाल्लं तरी तेवढ्या मिळतात. नॉर्मल सलाईन असेल तर मीठ साडेचार ग्रॅम आणि कॅलरी शून्य. तरीही माणूस उठतो तो हुशारीने, कारण एकतर त्याच्या अंगातलं पाणी खरंच कमी पडलेलं असतं, नाहीतर त्याला दोन तास पाठ टेकायला मिळालेली असते. मजुराला भर दिवसा आडवं व्हायचं तर हातात सुई असावी लागते. मला तर बाटलीचा मोठा गुण हाच वाटतो.

या मिठाच्या पाण्याचं घराणं मात्र पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं. 1817 मध्ये बंगालात जेसोरकडून साथ उठली आणि पुढच्या वर्षी लष्कराच्या नि व्यापाऱ्यांच्या वाटांनी दख्खन ओलांडून मुंबईला पोचली. वऱ्हाडातल्या गावांच्या वेशीवर मरीमायची ठाणी आहेत, तीही याच भयाची. 1831 मध्ये पटकी इंग्लंडच्या संडरलंड बंदरात उतरली. विल्यम ब्रूक ओशॉनेसी नावाचा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर तिकडे गेला आणि त्याने रोग्यांचं रक्त तपासलं. रक्तातलं पाणी आणि क्षार दोन्ही घटलेले होते, आणि रक्तातून गेलेले क्षार रोग्याच्या जुलाबात सापडत होते. गेलं तेच शिरेतून परत द्यावं, असं त्याने सुचवलं. स्वतः मात्र माणसावर करून पाहिलं नाही.

ते केलं थॉमस लॅटाने, एडिंबरोजवळच्या लिथ बंदरात, मे 1832 मध्ये. पहिली रोगी एक म्हातारी होती. बाकीचे उपाय थकले होते, नाडी लागत नव्हती. लॅटाने तिच्या दंडाच्या शिरेत नळी घातली आणि मीठ-सोड्याचं पाणी थोडं थोडं सोडत राहिला. बराच वेळ काही फरक दिसेना. मग श्वास मोकळा झाला, खोल गेलेल्या डोळ्यांत तेज आलं, मनगटाशी नाडी लागली. अर्ध्या तासात सहा पिंट, म्हणजे तीन लिटरच्या वर पाणी गेलं आणि बाई खणखणीत आवाजात बोलू लागली. ती वाचली असं समजून, तिथल्या डॉक्टरच्या हवाली करून लॅटा निघून गेला. उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कोणी दिलं नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली. लॅटाने हे सगळं लपवाछपवी न करता लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं.

पुढच्या रोग्यांपैकी काही वाचलेही. पण हा उपाय मरणाच्या दारात पोचलेल्यांवरच व्हायचा, पाणी उकळून निर्जंतुक करायची समज नव्हती, आणि पटकीतही रक्त काढणारे वैद्य वजनदार होते. 1833 मध्ये लॅटा वारला. त्याच साली ओशॉनेसी कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आला, म्हणजे थेट पटकीच्या माहेरी! इथे त्याने गांजाच्या औषधी गुणांवर काम केलं, पुढे देशभर तारयंत्राचं जाळं उभारलं. शिरेतल्या मिठाच्या पाण्याचा पाठपुरावा मात्र केला नाही. इतिहासातली ही चुकामूक मला फार खटकते.

मधल्या काळात या चुकामुकीची किंमत वऱ्हाडानेही मोजली. 1900 च्या दुष्काळात इथे पटकी होती. यवतमाळ जिल्हा तेव्हा वूण, म्हणजे वणीच्या नावाने ओळखला जाई. त्यानंतर आठ वर्षांनी कलकत्त्याला डॉक्टर लिओनार्ड रॉजर्सने हा उपाय पुन्हा हाती घेतला. ग्लिसरीन आणि पाण्याची कमीजास्त दाटपणाची मिश्रणं छोट्या बाटल्यांत ओळीने मांडायची, रोग्याच्या रक्ताचा थेंब एकेकीत सोडायचा आणि कुठे बुडतो, कुठे तरंगतो ते पाहायचं. त्यावरून रक्त किती आटलंय ते कळे, आणि त्या मापाने जास्त मिठाचं पाणी शिरेतून द्यायचं. त्याच्या रुग्णालयात पटकीचे साठेक टक्के रोगी दगावत. ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. बाटलीला खरी पत मिळाली ती मापाने.

तरी सलाईन लावलं की थंडी वाजून ताप भरायचा. त्याचं कारण 1923 मध्ये अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्टने शोधलं: पाणी उकळून जंतू मेले तरी त्यांचे अवशेष पाण्यात राहतात. ऊर्ध्वपातनाची तऱ्हा सुधारली आणि ताप थांबला. पाण्यातले क्षारही बदलत गेले. सिडनी रिंगरने बेडकाचं हृदय धडधडतं ठेवायला पाण्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम घातलं होतं. 1930 च्या दशकात अलेक्सिस हार्टमनने त्यात लॅक्टेटची भर घातली. सिस्टर ज्या रिंगर लॅक्टेटला नुसतं "आरएल" म्हणते ते हेच.

पाणी शिरेत गेलं म्हणून शिरेत राहत नाही. साठ किलोच्या माणसात पाणी 36 लिटरच्या आसपास, त्यातलं रक्तद्रवात जेमतेम तीन. नॉर्मल सलाईन लिटरभर दिलं तर थोड्या वेळात पाव हिस्साच रक्तात उरतो, बाकीचं पेशींभोवती पसरतं. म्हणून ते किती वेगाने जातंय हेही पाहावं लागतं: अर्धा लिटर चार तासांत द्यायचं तर मिलीलिटरला वीस थेंब पाडणाऱ्या सेटवर मिनिटाला 42 थेंब मोजतात. लवकर घरी जायचं म्हणून नातेवाईक नळीवरचं चाक हळूच सैल करतो. हृदय किंवा किडनी अधू असेल तर तेच पाणी फुप्फुसात साठून दम लागतो.

यवतमाळच्या दवाखान्यांत बाटलीला खरं काम पुष्कळ आहे. मे महिन्यातला उष्माघात आहे. सिकलसेलच्या रोग्याच्या अंगातलं पाणी घटलं की कळा उठतात. 2017 च्या हंगामात कीटकनाशकाच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेत घाम, लाळ, उलटी यांतून पाणी वाहून जातं, आणि अॅट्रोपिन पुन्हा पुन्हा द्यायला शिरेची वाट उघडी लागते.

बाटलीला पर्यायही पटकीतूनच आला. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजून पटकी आटोक्यात आणली. मीठ-साखरेची तशीच पुडी आज आशाताई फुकट देते. पण नाडी लागत नसलेल्याला अजून बाटलीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाने वर्षावरच्या रोग्याला किलोमागे 30 मिली आरएल पहिल्या अर्ध्या तासात आणि 70 मिली पुढच्या अडीच तासांत. पन्नास किलोच्या बाईला पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर होतं, लॅटाने दिलं त्याच्या निम्म्याहून कमी. नियमाचा पुढचा भाग असा: रोगी पिऊ लागला की लगेच पुडीचं पाणी सुरू करायचं, नाडी ठळक लागेपर्यंत ती दर पंधरा ते तीस मिनिटांनी पाहायची, आणि जुलाब चालू असेपर्यंत जितकं जाईल तितकं भरत राहायचं.