पदराआडच्या दुखण्याचा इतिहास

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे मंडळातून सांगणे आले, तेव्हा मी दोनदा नको म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गेली दोन वर्षे एका निर्णयापायी मी जे विचारले, ऐकले आणि वाचून घेतले, ते आपणां सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटून हे चार शब्द लिहीत आहे. विषय छातीच्या कर्करोगाचा आहे. तो चारचौघींत काढावयाचा नसतो हे मला ठाऊक आहे. पण तो कोणी काढला नाही, म्हणूनच माझी आई गेली.

माझे माहेर जामखेड तालुक्यातले. 1994 साली आईच्या छातीत सुपारीएवढी गाठ झाली. दुखत नव्हती, म्हणून तिने ती वर्षभर पदराआड ठेवली. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात नेले, तोवर रोग हाडांत उतरला होता. धाकटी मावशी तर चाळिशीच्या आतच गेली. घरात सगळे म्हणत, नशीब!

हे नुसते नशीब नव्हे, हे कळावयास जगाला फार काळ लागला. फ्रान्समधील डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1866 साली आपल्या पत्नीच्या घराण्याची हकीकत छापली. त्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या याच रोगाने गेल्या होत्या. रोग वंशात उतरतो हे दिसले, पण कसा ते कळेना. अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग या बाईंनी वर्षानुवर्षे खपून 1990 साली त्याचा माग लावला, आणि 1994 साली बीआरसीए-1 नावाचे जनुक हाती लागले. हे जनुक आपणां सर्वांच्या अंगी असते आणि त्याचे काम रोगाला आवर घालण्याचे असते. त्यात बिघाड असला म्हणजे तो आवर सुटतो. असा बिघाड असलेल्या 100 बायकांपैकी सुमारे 70 जणींना आयुष्यात केव्हातरी छातीचा कर्करोग होतो. आईकडून येतो तसाच तो वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक लेकराला येण्याचा संभव निम्मा. मात्र घाबरून जाऊ नये. छातीचा कर्करोग झालेल्या 100 बायकांपैकी वंशागत बिघाड पाचदहा जणींतच सापडतो.

उपायाचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॉक्टर हॉलस्टेड छातीखालचे स्नायूसुद्धा कापून काढीत, आणि पुढे कित्येक वर्षे तीच रीत चालली. बर्नार्ड फिशर यांनी 1985 साली दाखवून दिले, की पुष्कळ जणींना गाठ तेवढी काढून व शेक देऊन तितकेच आयुष्य लाभते. मग 2013 साली अँजेलिना जोली या नटीने जाहीर केले, की रोग झालेला नसतानाच तिने दोन्ही स्तन काढून घेतले. तिची आई 2007 साली कर्करोगाने गेली होती. अशा शस्त्रक्रियेने धोका 100 पैकी 90 भागांनी कमी होतो. अगदी नाहीसा होत नाही.

आपल्याकडे काय झाले? मुंबईस परळला 1941 साली टाटा रुग्णालय उघडले. बार्शीस 1987 साली खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. तिथली माणसे गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगू लागली. मुंबईच्या वस्त्यांत 1998 पासून टाटा रुग्णालयाने दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या जणींची छाती, शिकवून तयार केलेल्या सेविका दर दोन वर्षांनी हातानेच तपासत. 2021 साली निकाल आला: पन्नाशीपुढील बायकांतील मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा लाभ दिसला नाही. आणि जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू करून निरक्षर बायकांनाही आरोग्यसेविका केले. त्यांना जे जमले, ते सातवी झालेल्या मला का समजू नये, असे मी मनाशी म्हटले.

कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या आक्काच्या छातीत गाठ निघाली. तिने आईसारखी लपवली नाही. आठ दिवसांत दाखवली. रोग झालेल्या व्यक्तीची तपासणी आधी करतात, तशी तिच्या रक्ताची झाली आणि बिघाड सापडला. मग माझी झाली. माझ्यातही तोच.

आक्काने दुसरा, निरोगी स्तनही काढून घेतला. "मला रात्री झोप हवी," एवढेच ती म्हणाली. नात्यातल्या एकीने मला बजावले, "कोणाला बोलू नकोस, पोरीचे लग्न व्हायचे आहे." ह्यांनी मात्र सांगितले, "शरीर तुझे आहे. तू ठरव, मी बरोबर येतो."

डॉक्टरांनी घाई केली नाही. बीजकोशाच्या कर्करोगावर भरवशाची पाळत ठेवता येत नाही, असे त्यांनी समजावले. मुलेबाळे झालेली, चाळिशी उलटलेली. म्हणून दोन्ही बीजकोश मी गेल्या वर्षी काढून घेतले. छातीचे ऑपरेशन मी तूर्त केलेले नाही. दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करते. पाळतीने रोग टळत नाही, लवकर सापडतो एवढेच, हे मी जाणते. अहवाल येईपर्यंत घास गिळत नाही. उद्या ती धाकधूक सोसेना, तर मीही आक्काचीच वाट धरीन.

आमचे दोघींचे निर्णय निराळे, पण दोन्ही समजून घेतलेले. आईला असा निर्णय करताच आला नाही. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिला मी सर्व सांगितले आहे. तपासणी करावयाची की नाही, केव्हा करावयाची, हे तीच ठरवील. लग्न जमेल तिथे हेही सांगूनच जमेल.

भगिनींनो, आपल्या माहेरी आणि वडिलांच्या घराण्यात कोण कशाने गेले, ते एकदा वहीत लिहून काढा. गाठ लागली तर, दुखो न दुखो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पदर लाजेसाठी असतो, दुखणे झाकण्यासाठी नव्हे. इतके सांगून लेखणी थांबवते.